जाऊबाईंना मानवलेली गोळी

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३३. मुलगी दोन वर्षांची आहे, तिचं अंगावर पिणं सुटून वर्ष होत आलं. दुसरं मूल हवं आहे, पण दोन-तीन वर्षांनी. पाळीत माझ्या अंगावरून फार जायचं, म्हणून थोरल्या जाऊबाईंनी त्या घेतात त्या गर्भनिरोधक गोळ्यांचं नाव सांगितलं. आठ महिन्यांपासून मी मेडिकलमधून तीच २१ गोळ्यांची पाकिटं आणते आहे. अंगावरून जाणं कमी झालं, पोटात दुखणंही थांबलं. पण वजन तीन किलोंनी वाढलंय. रात्री मुलीला निजवण्याच्या नादात गोळी राहून जाते, कधी एक, कधी लागोपाठ दोन. अशा वेळी दोनदा संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळीही घेतली. सासूबाई म्हणतात, मधे चार-सहा महिने खंड दे, नाहीतर पुढे दिवस राहणार नाहीत. गोळीनं वजन वाढतं का? खंड द्यावा का? दुसऱ्या वेळी अडचण येईल का? आणि कॅन्सरचं जे ऐकू येतं ते खरं का? बाकी तब्येत ठणठणीत आहे. अर्धशिशी कॉलेजपासूनच आहे, डोकं दुखायच्या आधी थोडा वेळ डोळ्यांसमोर चकाकत्या नागमोडी रेघा दिसतात, पण त्याची आता सवय झाली आहे. – एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत, पण मी सुरुवात करणार आहे ती शेवटच्या ओळीपासून. तो तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलाच नाही. डोकं दुखायच्या आधी दिसणाऱ्या त्या रेघांची तुम्हाला सवय झाली असेल, पण त्यांच्यामुळे सध्याची गोळी तुमच्यासाठी योग्य नाही. ती आजच थांबवा. आज रात्रीपासून कंडोम वापरा आणि दोन-तीन दिवसांत स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा असं काही झालेलं नाही, पण ‘हे पाकीट संपू दे, मग बघू’ असंही करू नका.

हे का, ते नीट सांगते.

अर्धशिशीच्या आधी पाच मिनिटं ते तासभर नजरेत असा बदल होतो, त्याला आम्ही ऑरा म्हणतो. बायका त्याचं वर्णन जवळपास सारखंच करतात. आधी नजरेच्या मधोमध एक ठिपका येतो, वाचत असलेल्या ओळीतली दोन-तीन अक्षरं दिसेनाशी होतात. मग त्या ठिपक्याच्या कडेनं करवतीच्या दातांसारखी लखलखती रेघ उमटते, कमान करत पसरते, एका बाजूला सरकत जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांत निघून जाते. डोळे मिटले तरी ती दिसत राहते. त्यामागून डोकं ठणकायला लागतं. कुणाला हाताच्या बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या चढत जातात, कुणाला थोडा वेळ नेमका शब्द सापडत नाही. यातलं काहीही असलं तर ती ऑरासह अर्धशिशी. नुसता उजेड नकोसा वाटणं, मळमळणं, अर्धं डोकं ठणकणं म्हणजे ऑरा नव्हे. तो अर्धशिशीचाच भाग आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत. तुम्ही लिहिलेलं वर्णन मात्र ऑराशी तंतोतंत जुळतं. डॉक्टर समोरासमोर विचारून ते पक्कं करतील.

ज्यांना असा ऑरा येतो त्यांना मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात होण्याचा धोका मुळातच इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुण वयात हा धोका इतका कमी असतो की दुप्पट होऊनही तो कमीच राहतो, म्हणून आजवर आठ महिन्यांत काही झालं नाही यात नवल नाही. पण तुमच्या गोळीत इस्ट्रोजेन आहे, आणि इस्ट्रोजेन रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतं. दोन्ही धोके एका अंगावर घ्यायचं कारण नाही, कारण दुसरे चांगले मार्ग आहेत. कोणत्या बाईला कोणतं साधन चालेल याची जागतिक आरोग्य संघटनेची एक यादी आहे. तीत चार वर्ग केले आहेत. पहिला वर्ग म्हणजे निर्धास्त वापरा, चौथा म्हणजे वापरूच नका. ऑरासह अर्धशिशी आणि इस्ट्रोजेन असलेलं साधन ही जोडी चौथ्या वर्गात आहे, मग वय वीस असो की चाळीस.

पाकीट मधेच थांबवल्यावर दोन-चार दिवसांत पाळीसारखं अंगावरून जाईल, त्यानं दचकू नका. मात्र गेल्या आठवड्यात संबंध आले असतील तर ते डॉक्टरांना सांगा. या पाकिटातल्या सलग सात गोळ्या पोटात गेल्या नसतील, किंवा मधे दोन-तीन चुकल्या असतील, तर गर्भ राहण्याची शक्यता उरते. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत त्यावर उपाय करता येतो, म्हणूनच ‘दोन-तीन दिवसांत’ म्हटलं.

आणि एक, हे मात्र दवाखान्यात धावण्याचंच कारण आहे : चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडणं, एका हातातली किंवा पायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं, किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी दुखणं. ‘नेहमीची अर्धशिशी असेल’ म्हणून अंधार करून पडून राहू नका.

आता गोळीत काय असतं ते पाहू, म्हणजे पुढची निवड तुमची तुम्हाला करता येईल. तुम्ही घेत होता ती एकत्रित गोळी. तिच्यात दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. दोन्ही मिळून मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेश दाबतात, त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. प्रोजेस्टिन गर्भाशयाच्या तोंडाशी असणारा स्राव घट्ट करतं, त्यातून शुक्रजंतूंना वाट मिळत नाही. गर्भाशयाचं अस्तरही पातळ राहतं, म्हणून तुमचं अंगावरून जाणं कमी झालं. गर्भ न राहण्याचं बरंचसं काम प्रोजेस्टिन एकटंही करतं. इस्ट्रोजेनचा मोठा उपयोग महिन्याचं वेळापत्रक ठरल्याप्रमाणे चालावं, मधेच डाग पडू नयेत यासाठी. तुम्हाला जे वगळायचं आहे ते इस्ट्रोजेन. हार्मोनची सगळीच साधनं तुम्हाला बंद झालेली नाहीत.

इथे एक पळवाट बुजवून टाकते. ‘गोळी नको तर पॅच लावते’ किंवा ‘योनीत ठेवायची रिंग घेते’ असं कुणी सुचवेल. दोन्हींत इस्ट्रोजेन आहे. पोटातून न जाता कातडीतून गेलं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. दर महिन्याला घ्यायच्या एकत्रित इंजेक्शनांचंही तेच.

मग उरलं काय? बरंच काही.

नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी रोज घ्यायची असते. डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमच्या प्रकारात मधे खंड नसतो, २८ दिवस सलग. ठरलेल्या वेळेच्या पुढे बारा तासांपर्यंत उशीर चालतो. त्याहून जास्त झाला तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि दोन दिवस कंडोम वापरायचा. या वर्गातल्या जुन्या गोळ्यांना तर तीनच तासांची सवलत असते. अंगावर पाजणाऱ्या बायकांना ही गोळी चालते, म्हणून बाळंतपणानंतर ती खूप जणींना दिली जाते. तुमच्यासाठी मला ती फारशी पटत नाही. औषध चांगलं आहे, पण रात्री मुलीला निजवताना जी बाई गोळी विसरते ती ही गोळीही विसरणार. यात तुमचा दोष काही नाही. गोळी एकही न चुकवता घेतली तर वर्षभरात १०० बायकांमागे एकीलासुद्धा गर्भ राहत नाही. प्रत्यक्षात जशी घेतली जाते तशी घेतली तर सुमारे सात जणींना राहतो. हे दोन आकडे वेगळे का, याचं उत्तर प्रत्येक घरातल्या रात्री नऊ ते अकरामध्ये आहे.

तीन महिन्यांचं इंजेक्शन विसराळूपणावर उत्तर आहे. डीएमपीए हे नुसत्या प्रोजेस्टिनचं, १५० मिलिग्रॅम, दर तेरा आठवड्यांनी. पाळी पुष्कळदा कमी होत जाऊन बंदच होते, आणि तसं झालं तरी अपाय नाही. पण शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भ राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात, काहींना त्याहून अधिक. कायमचं नुकसान होत नाही, पण दोन-तीन वर्षांनी मूल हवं असं ठरवलेल्या बाईला हा हिशेब जाचतो. शिवाय वजनाची तुम्हाला काळजी आहे, आणि हार्मोनच्या साधनांत वजन खरंच वाढवू शकणारं म्हणून ज्याकडे बोट दाखवावं ते हेच. हाडांची घनताही वापर चालू असेपर्यंत थोडी कमी होते, नंतर बहुतांशी भरून येते. तुमच्या यादीतून मी हे बाजूला ठेवीन.

दंडात कातडीखाली बसवायची कांडी, म्हणजे इम्प्लांट, काडेपेटीतल्या काडीएवढी असते. तेवढी जागा बधिर करून पाच मिनिटांत बसते. एका कांडीचा प्रकार तीन वर्षांसाठी, दोन कांड्यांचा पाच वर्षांसाठी. गर्भ राहण्याचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी, आणि काढली की लवकरच बीज सुटायला लागतं. गैरसोय एकच, पण ती मोठी : कधी किती डाग पडतील याचा नेम नसतो. कुणाची पाळी थांबते, कुणाला पंधरा-पंधरा दिवस थोडं थोडं जात राहतं. काढून टाकायला येणाऱ्या बायकांची तक्रार बहुधा हीच असते.

गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी. आमच्याकडे येणाऱ्या बायका तिला तांबीच म्हणतात, खरं तर तिच्यात तांबं नसतंच. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या छोट्या प्लास्टिकवर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टिनचाच एक प्रकार) असतं आणि ते सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम या वेगानं सुटतं. काम मुख्यतः जागच्या जागी, रक्तात फार थोडं उतरतं. किमान पाच वर्षं चालते, पण पाच वर्षं ठेवायलाच हवी असं नाही. दोन वर्षांनी काढली तरी चालते. ज्यांच्या अंगावरून जास्त जातं त्यांच्यासाठी तर हे औषध म्हणूनच वापरतात. म्हणून तुमची परिस्थिती पाहता माझं मत हिच्या बाजूनं आहे. जुन्या तऱ्हेची, तांब्याची तांबीही अर्धशिशीत पूर्ण निर्धोक आहे, तिच्यात हार्मोन नसतो आणि ती दहा वर्षांपर्यंत चालते. पण तिनं अंगावरून जाणं वाढतं, आणि तुम्ही तर तेच कमी व्हावं म्हणून गोळीकडे वळलात.

बसवताना दुखतं. हे न सांगणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी कळ, तीही जोराची, काही मिनिटं. आधी वेदनाशामक घेता येतं, जागा बधिर करता येते, आणि तशी मागणी करण्यात संकोच काही नको. ती आपोआप बाहेर पडणं किंवा बसवताना गर्भाशयाला इजा होणं हे क्वचित घडतं. म्हणून हात बसलेल्या डॉक्टरांकडूनच बसवून घ्या.

आणि मुळात अंगावरून इतकं का जायचं, हा प्रश्न आठ महिन्यांपूर्वी कुणी विचारला का? हिमोग्लोबिन तपासलं का? गाठी आहेत का ते सोनोग्राफीत पाहिलं का? गोळीनं लक्षण झाकलं गेलं, कारण तसंच राहिलं असेल. ती थांबवल्यावर पाळी पुन्हा पूर्वीसारखी जोरात येऊ शकते, तेव्हा ही तपासणी याच भेटीत उरकून घ्या.

आता तुमचे चार प्रश्न.

वजन. एकत्रित गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत वजनात मोठा फरक आढळलेला नाही. सुरुवातीला अंगात थोडं पाणी धरतं, छाती जड वाटते. तीन किलोंचा सगळा ठपका गोळीवर मी ठेवणार नाही.

खंड द्यावा का? नको. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण शरीराला ‘विश्रांती’ देण्याची गरज असते याला आधार नाही. उलट अशा खंडातच नको असताना दिवस राहतात. शिवाय गुठळीचा धोका गोळी नव्यानं सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो. वारंवार थांबवून पुन्हा सुरू केली की तो काळ पुन्हा पुन्हा वाट्याला येतो.

दुसऱ्या वेळी अडचण? गोळी थांबवल्यावर वर्षभरात गर्भ राहण्याचं प्रमाण कधीच गोळी न घेतलेल्या बायकांइतकंच असतं. काहींची पाळी पहिले दोन-तीन महिने मागेपुढे होते, एवढंच. ज्यांची पाळी गोळीच्या आधीच अनियमित होती त्यांची ती नंतरही तशीच असते, आणि मग दोष गोळीवर येतो.

कॅन्सरचं थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण ‘होतो’ आणि ‘होत नाही’ ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. हार्मोनचं साधन चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो. डेन्मार्कमधला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक फार मोठा अभ्यास आहे. त्याच्या हिशेबानं सुमारे ७,७०० बायकांनी वर्षभर वापर केला तर एक जादा रुग्ण. थांबवल्यावर हा फरक ओसरत जातो. यात नुसत्या प्रोजेस्टिनच्या साधनांनाही पूर्ण सूट नाही. पाच वर्षांहून अधिक काळ गोळी घेणाऱ्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाणही थोडं वाढलेलं दिसतं, म्हणून त्याची नियमित तपासणी चुकवू नका. दुसऱ्या बाजूला, गोळी अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरपासून संरक्षण देते, तेही थांबवल्यानंतर कित्येक वर्षं. घरात आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर तो डॉक्टरांना सांगा, आणि स्वतःला झालेला असेल तर हार्मोनचं कोणतंच साधन नको.

गोळीबद्दलची घरोघरची भीती बरीचशी जुन्या गोळ्यांची आहे, असं मला वाटतं. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत मेस्ट्रानॉल नावाचं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या बहुतेक एकत्रित गोळ्यांत इस्ट्रोजेन २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. तरी गुठळीचा धोका शून्यावर आलेला नाही. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला सुमारे दोघींच्या शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या एकत्रित गोळीनं पाच ते सात जणींच्या, तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन हे प्रोजेस्टिन असलेल्या एकत्रित गोळीनं नऊ ते बारा जणींच्या. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हा धोका याहून जास्त असतो, हे सांगितलं की बायका चकित होतात. म्हणजे निरोगी बाईला एकत्रित गोळी चांगलीच चालते. प्रश्न असतो तो आपण त्या निरोगी गटात आहोत का, आणि तो मेडिकलच्या काउंटरवर सुटत नाही.

त्या गटात कोण नाही? पस्तिशी ओलांडलेली आणि सिगारेट ओढणारी, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असलेली, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेली, यकृताचा गंभीर आजार असलेली, डोळ्यांवर-किडनीवर परिणाम झालेला मधुमेह असलेली, नुकतीच बाळंत झालेली, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणारी, मोठ्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळणार असलेली. आणि तुम्ही. रक्तदाब मोजणं ही यातली सर्वांत सोपी तपासणी. तुमचा आठ महिन्यांत एकदाही मोजलेला नसावा असं पत्रावरून वाटतं. जाऊबाईंनाही न्या सोबत. गोळी वर्षानुवर्षं मानवली तरी वय वाढतं तसा रक्तदाब बदलतो, आणि त्याचं वरून काही कळत नाही.

विसरलेल्या गोळ्यांबद्दल लिहिते ते तुमच्यापेक्षा इतर वाचकांसाठी, कारण तुमचं ते पाकीट आता बंद. एकत्रित गोळी एकच चुकली असेल तर आठवताक्षणी घ्यावी, पुढची ठरल्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. त्यासाठी ७२ तासांच्या गोळीची एरवी गरज नसते. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली तेवढी घ्यायची, आधीच्या टाकून द्यायच्या, पाकीट पुढे चालू ठेवायचं आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरायचा. हे पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर सात दिवसांची सुट्टी न घेता सरळ नवं पाकीट उघडायचं. पहिल्या आठवड्यात झालं असेल आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आले असतील, तर मात्र ती ७२ तासांची गोळी घ्यावी. सगळ्यात महागात पडतं ते नव्या पाकिटाची पहिली गोळी चुकणं. सुट्टीच्या सात दिवसांत अंडाशय जागं व्हायला लागलेलं असतं. सातचे नऊ दिवस झाले की बीज सुटायला वाव मिळतो. बायकांना वाटतं मधली गोळी चुकणं वाईट आणि एक दिवस उशिरा सुरू केलं तर काय बिघडतं. बरोबर उलटं आहे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती घेतलीच नाही असं समजून दुसरी घ्यावी.

७२ तासांच्या गोळीनं तुमचं काही बिघडलेलं नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची ती गोळी बीज सुटणं पुढे ढकलते; बीज सुटून गेलेलं असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी. अर्धशिशीतही ती चालते. पाच दिवसांपर्यंत चालणारी युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी आहे. ती घेतल्यावर पाच दिवस हार्मोनची दुसरी साधनं सुरू करायची नसतात, नाहीतर दोन्ही एकमेकांचं काम बिघडवतात. आणि पाच दिवसांच्या आत बसवलेली तांब्याची तांबी या दोन्हींपेक्षा खात्रीची. पण नेहमीचं साधन म्हणून ७२ तासांची गोळी वापरू नका, ती त्या कामाला कच्ची आहे. ती घेतल्यावर पाळी आठवडाभरापेक्षा जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं न्या. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं यकृताला हार्मोन लवकर मोडायला लावतात, त्यामुळे गोळी आणि दंडातली कांडी दोन्ही निकामी होऊ शकतात. तुमच्यासाठी याच प्रकारातलं टोपिरामेट लक्षात ठेवण्यासारखं : ते अर्धशिशी रोखण्यासाठीही देतात, जास्त मात्रेत गोळीचा असर कमी करतं आणि गर्भाला अपाय करू शकतं. हार्मोनच्या तांबीवर या औषधांचा परिणाम होत नाही, माझं मत तिकडे झुकायला हेही एक कारण. सर्दी-तापावर मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी गोळी निकामी होते हा समज मात्र सोडून द्या. आणि लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांना यातलं एकही साधन अडवत नाही, ते काम कंडोमचंच.

तांबी बसवलीत तर पहिले तीन ते सहा महिने अवेळी डाग पडतील. त्या काळात ‘मला नाही मानवली’ म्हणून काढायला जाऊ नका. पुढे पाळी अगदी कमी होईल, कदाचित येणारच नाही. त्यानं रक्त आत साठत नाही, अस्तरच तयार होत नाही तर बाहेर काय पडणार? गर्भ नाही याची आधी खात्री करून घेतली तर ती महिन्यात कधीही बसवता येते, पण पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत बसवली नसेल तर आठवडाभर कंडोम चालू ठेवा. ताप, ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, घाण वासाचा स्राव, किंवा तांबीचा बोटाला लागणारा दोरा लागेनासा होणं, यातलं काही झालं तर लगेच दाखवा. आणि ऑरा पूर्वीपेक्षा वारंवार यायला लागला, तासापेक्षा जास्त टिकला किंवा त्याचं रूप बदललं, तर तांबी प्रोजेस्टिनची आहे म्हणून निश्चिंत राहू नका, डॉक्टरांना कळवा.

दुसऱ्या बाळाचं पक्कं ठरलं की ती काढायच्या महिनाभर आधी फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करा, आणि अर्धशिशीवर तेव्हा जे औषध चालू असेल ते गरोदरपणात चालतं का हे त्याच वेळी विचारून घ्या.